काचवाल्याची कबुली

काचवाल्याला गल्लीत कुणी नावानं हाक मारत नसे. त्याचं नाव इथल्या जिभेला जड जायचं. सुरुवातीला लोकांनी त्याची मोडतोड करून पाहिली, मग सरळ 'काचवाला' म्हणून मोकळे झाले. त्यालाही ते पटलं. ज्याच्यावर पोट चालतं तेच नाव पडलं तर वाईट काय, असं तो म्हणायचा.

विशी ओलांडता ओलांडता मामाच्या मागोमाग तो या देशात आला. मामा थोड्याच दिवसांत कंटाळून परत गेला, हा राहिला. एका म्हाताऱ्या काचकारागिरानं त्याला पोरक्या मांजरासारखं दुकानात ठेवून घेतलं. म्हातारा इथलाच, तोंडाचा फाटका आणि मनाचा मऊ. "तुझ्या हातात अक्कल आहे रे, ती डोक्यापर्यंत कधी चढणार?" असं दिवसातून एकदा तरी म्हणायचा, आणि मरताना दुकानाची किल्ली याच्याच हातात देऊन गेला. दुकान कसलं, बोळच तो. एका भिंतीला काचेच्या उभ्या तावदानांची रांग, दुसऱ्या भिंतीला जुनं घोंगडं अंथरलेलं लांब टेबल, आणि मधून आडवं होऊनच जायचं. पोरांचा चेंडू कुणाच्या खिडकीत गेला की काचवाला दुकानाच्या दारातून ओरडायचा, "शाब्बास! नेम सोडू नका रे, माझं घर तुमच्यावर चाललंय!" पोरांच्या आया रागवायच्या, आणि रागावता रागावता हसायच्या.

बायको इस्पितळाच्या धुलाईघरात होती. तिथल्या वाफेनं आणि सोड्यानं तिची बोटं कायम पांढरी, सुरकुतलेली. मुलगी इथेच जन्मली, इथल्याच शाळेत शिकली आणि नगरपालिकेत पाणीपट्टीच्या खिडकीवर लागली. ती बोलायला लागली की ती कुठली हे कुणाला कळायचं नाही. बापाचं तोंड उघडलं की पहिल्या वाक्यालाच कळायचं. एक अक्षर त्याला एवढ्या वर्षांत जमलं नव्हतं, आणि नेमकं तेच अक्षर 'साहेब' या अर्थाच्या इथल्या शब्दात होतं.

साहेब म्हणायची वेळ मात्र वरचेवर यायची. कामावर जाताना खांद्याच्या पिशवीत काच कापायची हिरकणी, पटाशी, छोटी हातोडी असायची. कोपऱ्यावरचा पोलीस शिपाई पिशवी उलटी करायला लावायचा.

"हे घेऊन कुणाच्या घरात घुसायला निघालास?"

"साहेब, मी दारातून जातो आणि खिडकी बसवून येतो. चोराचं उलटं असतं."

शिपाई कधी हसायचा, कधी त्याच्या उच्चाराची नक्कल करायचा. एकाशी ओळख होऊन तो पिशवी न बघता सोडायला लागेपर्यंत त्याची बदली व्हायची. मग नव्याशी पहिल्यापासून सुरुवात. काचवाल्याची त्याबद्दल तक्रार नव्हती. त्यानं आपल्यापुरता एक नियम केला होता: रस्त्यात धावायचं नाही. बस सुटली तर सुटू दे. आपल्यासारखा माणूस धावताना दिसला की बघणाऱ्याला त्याच्या मागे चोरी दिसते.

आणि गंमत म्हणजे पोलिसांची बाजू घ्यायलाही हाच पुढे. वरच्या मजल्यावर त्यांच्याच मुलखातला एक गवंडी राहायचा. त्याला एकदा चौकीत नेऊन असा बदडला की तो कितीतरी दिवस कुबडी घेऊन जिना चढत होता. काचवाला घरात म्हणाला, "नव्यानं आलेल्या या लोकांनी आपलं नाव घालवलं. उगाच कोण कुणाला धरून नेतं?" बायको चादरीची घडी घालत होती. तिनं ती घडी मोडून पुन्हा घातली.

टेकडीकडच्या रस्त्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहत. त्यांच्या मागच्या खिडकीला काचवाल्यानंच नवी काच बसवली होती. काम चाललं असताना बाईंनी त्याला चहा दिला, मुलीची चौकशी केली, आणि "तुमच्या लोकांत तुमच्यासारखे थोडेच," असंही म्हणाल्या. त्यानं ते कौतुक म्हणूनच घेतलं होतं.

पुढे एका दुपारी बाई दवाखान्यातून परतल्या तेव्हा मागच्या अंगणाच्या भिंतीवरून एक माणूस पलीकडे उडी टाकत होता. त्यांना त्याची पाठ दिसली, मान दिसली, काळे केस दिसले. खिडकीची काच फुटलेली नव्हती. कुणीतरी ती अखंड काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. बाईंच्या नवऱ्याची पदकं आणि चांदीचं घड्याळ गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन शिपाई दुकानात आले. "साहेबांनी बोलावलंय. एका खिडकीबद्दल विचारायचंय."

काचवाला उलट खूश झाला. काच चौकटीत बसवायला मळलेली लांबी तशीच टेबलावर ठेवून तो शेजारच्या शिंप्याला म्हणाला, "जरा दुकानाकडे बघ. फौजदारांना काचेतलं काहीतरी विचारायचंय. आलोच."

फौजदार तरुण होता, बोलायला गोड. त्यानं खुर्ची दिली आणि खिडकीचा फोटो पुढे सरकवला. "तुम्ही या कामातले जाणकार. ही काच न फोडता कशी काढली असेल?"

एवढ्या वर्षांत पोलिसांतल्या कुणी त्याला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं होतं. काचवाल्यानं फोटो उजेडाकडे धरला, आणि गडी रंगात आला. लांबी आधी गरम करून मऊ केली असणार, मग पटाशीनं चौकटीच्या पट्ट्या सोडवल्या, खालची शेवटी, म्हणजे काच अंगावर येत नाही. "आणि साहेब, ही खिडकी मीच बसवलीय. या बाजूची पट्टी सैल आहे हे ज्याला माहीत, त्याला तर काहीच वेळ लागणार नाही."

"हो का?" फौजदार म्हणाला. "आणि हे कुणाकुणाला माहीत आहे?"

काचवाल्यानं फोटो टेबलावर परत ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खोलीत दार लावल्याचा आवाज झाला, आणि पुढचा प्रश्न 'तू'नं सुरू झाला.

संध्याकाळी ओळख पटवायला बाईंना बोलावलं. भिंतीशी सहा माणसं उभी केली. पाच चौकीतलेच कारकून आणि शिपाई साध्या कपड्यांत, सगळे उजळ आणि इथल्याच तोंडावळ्याचे. सहावा काचवाला. आंधळ्यालाही निवड करता आली असती. बाई त्याच्यासमोर येऊन थांबल्या. त्यांनाही हे सगळं अवघड जात होतं, हातातला रुमाल त्या नुसता पिळत होत्या.

"असाच होता," त्या म्हणाल्या.

"असाच, की हाच?" फौजदारानं विचारलं.

"मला पाठ दिसली हो. पण... असाच."

"बाई, असाच म्हणजे हाच ना?"

बाईंनी काचवाल्याकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही मला चहा दिला होता." शिपाई खेकसला, "गप!" बाई दचकल्या आणि म्हणाल्या, "हो. हाच."

शिंप्यानं रात्री उशिरापर्यंत दुकान उघडं ठेवलं. मग स्वतःच फळ्या लावून किल्ली काचवाल्याच्या घरी नेऊन दिली. "चोर सोडून संन्याशाला फाशी," एवढंच तो म्हणाला. पण साक्षीला येशील का, असं मुलीनं विचारल्यावर त्याची नजर खाली गेली. "त्या दुपारी तो दुकानात होता, असं मला वाटतंय गं. पण मी मान खाली घालून शिवत असतो. शपथेवर कसं सांगू?"

मुलीचा मात्र कायद्यावर विश्वास होता. तिनं तो शाळेत शिकला होता, आणि परीक्षेत त्याच विषयात तिला सगळ्यात जास्त गुण होते. "बाबांनी केलं नाही, मग सिद्ध काय करणार?" ती आईला म्हणायची. जामिनाच्या दिवशी ती कामावर जायचे चांगले कपडे घालून कोर्टात गेली. पंचवीसएक वर्षांचं दुकान, इथे कामाला असलेली बायको, इथली नोकरदार मुलगी, असं सगळं वकीलबाईंनी सांगितलं. सरकारी वकील उठला आणि म्हणाला की आरोपी बाहेरचा आहे, त्याचं इथे काही नाही, सोडला तर पळून जाईल. न्यायाधीशांनी मान हलवली, आणि जामीन फेटाळला गेला. जो माणूस बस पकडायलाही धावला नाही, तो पळून जाईल म्हणून आत राहिला.

आणखी एक प्रकार झाला. नियमाप्रमाणे त्याला दुभाष्या दिला गेला. काचवाला म्हणाला, "साहेब, मला तुमची भाषा येते." न्यायाधीश म्हणाले, "तरी असू दे, तुमच्याच हिताचं आहे." दुभाष्या आला तो काचवाल्याच्या शेजारच्या मुलखातला, बोली निराळी. काचवाला इथल्या भाषेत बोलायचा, दुभाष्या त्याला थांबवून 'तुमच्या भाषेत सांगा' म्हणायचा, मग अर्धंमुर्धं समजून पुन्हा इथल्या भाषेत सांगायचा. 'मी काच बसवली' याचं 'मी काच बदलली' झालं आणि ते तसंच राहिलं. पहिल्या तारखेला काचवाल्याला हसू आलं होतं. नंतर नंतर तो फक्त मान हलवायला लागला.

तुरुंगात भेटीच्या दिवशी बायको जाळीपलीकडे बसायची. रडायची नाही. इस्पितळात कोण आजारी, घरमालक काय म्हणाला, नळ कसा गळतोय, हेच सांगायची. एकदा तो म्हणाला, "वरचा गवंडी भेटला की त्याला सांग..." आणि तिथेच अडकला. "काय सांगू?" तिनं विचारलं. "काही नाही. विचारलंय म्हण." तिला कळलं. "तो गेला खोली सोडून," ती म्हणाली, "कुठे ते माहीत नाही."

तारखांवर तारखा पडत गेल्या. थंडी गेली, उन्हाळा आला, पुन्हा थंडी आली. दुकान दुसऱ्यानं घेतलं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण ज्याला बेड्या घालून चढवतात त्यानं काय करावं, हे त्या म्हणीत नाही.

मग एक दिवस वकीलबाई आल्या. सरकारकडून मिळालेल्या, कायम दमलेल्या, पण वाईट नव्हत्या. त्या टेबलाशी बसल्या आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

"खरं सांगू? तुम्ही खरं बोलताय असं मला वाटतं. पण त्याचा उपयोग नाही. फौजदार म्हणणार, काच कशी काढली ते यानंच सांगितलं. बाई म्हणणार, हाच होता. तुमच्या बाजूनं कोण आहे? खटला संपायला अजून दोन वर्षं जातील, आणि निकाल काय लागेल हे तुम्हालाही कळतं. गुन्हा कबूल केलात तर आतापर्यंत भोगलंत तेवढीच शिक्षा धरतील. त्याच दिवशी घरी जाल."

"पण मी केलं नाही, बाई."

"ते मी ऐकलंय."

घरात यावरून मायलेकींचं पहिल्यांदाच कडाक्याचं भांडण झालं. भेटीच्या दिवशी दोघी जाळीपलीकडे एकाच बाकावर, पण एकमेकींकडे न बघता बसल्या.

"बाबा, हो म्हणू नका," मुलगी म्हणाली. "एकदा हो म्हटलंत की ते खरं होईल. कायमचं."

"आणि नाही म्हटलं की माणूस आत राहील. कायमचा," बायको म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "अहो, मला तुमचा खरेपणा नको. तुम्ही घरी या. घरात कुणीतरी बोलायला हवंय मला."

काचवाला दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून बसला होता. काचेचे जुने व्रण भरून आले होते, नवे पडले नव्हते. "पोरी," तो म्हणाला, "तुझं बरोबर आहे." आणि मग बायकोला म्हणाला, "पुढच्या तारखेला माझा कोट आण."

न्यायाधीशांनी विचारलं, "ही कबुली स्वखुशीनं देताय? कुणाची जबरदस्ती नाही?" दुभाष्यानं त्याचं भाषांतर करायला तोंड उघडलं, पण काचवाल्यानं त्याआधीच इथल्या भाषेत उत्तर दिलं, "स्वखुशीनं, साहेब." ते अक्षर तेव्हाही चुकलं. सरकारी वकिलानं सुचवलं की आरोपीनं बाईंची माफी मागितली तर बरं दिसेल. काचवाल्यानं मागे वळून हात जोडले. बाई मागच्या बाकावर होत्या. "पदकं कुठे आहेत तेवढं सांगा हो," त्या काकुळतीला येऊन म्हणाल्या. "बाकी काही नको मला." त्याच्यापाशी उत्तर कुठून असणार? तो गप्प उभा राहिला, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ सगळ्यांनी आपापल्या परीनं लावला.

तो घरी आला. बायकोनं पाणी तापवून ठेवलं होतं. आंघोळ करून तो खिडकीशी बसला आणि खाली गल्लीतल्या शिंप्याच्या शिवणयंत्राचा आवाज ऐकत राहिला. काम कुणी देईना. चोरीची शिक्षा झालेल्या माणसाला कोण खिडकी दाखवील? तोही समजून होता. रस्त्यात पोरांचा चेंडू लागून काच खळकन फुटली तरी तो दारापर्यंत जायचा नाही.

आणि मग परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीतून बोलावणं आलं. तिथला अधिकारी सभ्य होता. त्यानं शांतपणे समजावलं: शिक्षा झालेल्या परदेशी माणसाचा राहण्याचा परवाना पुढे वाढत नाही. त्याला देश सोडावा लागेल.

"पण वकीलबाई म्हणाल्या होत्या, घरी जाल," काचवाला म्हणाला.

"ते कोर्टाचं. आमचं खातं वेगळं आहे."

मुलगी तडक वकीलबाईंकडे गेली. त्या डोकं धरून बसल्या. मी त्या बाजूचा विचारच केला नाही, असं त्यांनी प्रांजळपणे सांगितलं. प्रांजळपणाचं काय लोणचं घालायचं, असं मुलगी घरी येऊन म्हणाली. त्यानंतर ती कायद्याबद्दल कधीच काही बोलली नाही.

घरात सामानाची बांधाबांध सुरू झाली होती, तेवढ्यात खरा चोर सापडला. बाईंच्या घराला चोरीच्या आदल्या वर्षी रंग देऊन गेलेला रंगारी, इथलाच, काळ्या केसांचा. दुसऱ्याच एका चोरीत त्याच्या घराची झडती झाली आणि चांदीचं घड्याळ निघालं. पदकं त्यानं वितळवून टाकली होती. शिंपी धावतच ही बातमी घेऊन जिना चढला. बायकोनं तेव्हा पहिल्यांदा तोंडावर पदर घेतला आणि ती हमसून हमसून रडली. त्या संध्याकाळी सामानाच्या दोऱ्या पुन्हा सोडल्या गेल्या.

सकाळी बापलेक चौकीत गेले. तोच फौजदार होता, आता खांद्यावर एक पट्टी वाढलेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मग तुम्ही कबूल का केलंत?" त्यानं विचारलं.

मुलगी म्हणाली, "तुम्ही कबूल करायला लावलंत म्हणून."

"मी? कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं ना, जबरदस्ती आहे का म्हणून? काय म्हणाले तुमचे वडील?" फौजदार खुर्चीत मागे रेलला. "हे बघा, एकतर यांनी कोर्टात खोटं सांगितलं. नाहीतर काच यांनी काढली आणि माल त्यानं नेला. दोघं मिळून. यातलं कुठलं उकरून काढू, ते तुम्हीच सांगा."

रंगाऱ्यानं सांगितलं की मी या माणसाला ओळखतही नाही. साथीदाराला वाचवायला तो तसं म्हणणारच, असं त्यावर म्हटलं गेलं. वकीलबाईंनी फेरविचाराचा अर्ज केला. स्वतः कबुली दिलेल्याच्या अर्जाला वर्षं लागतात, आणि तोवर देश सोडायचं थांबत नाही. रंगारी पहिल्यांदाच सापडलेला, घरदार इथलं, चार लोक हमी द्यायला उभे राहिले. तो चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सुटला. शिक्षिकाबाई एकदा काचवाल्याच्या दारापर्यंत आल्या होत्या म्हणे. खालच्या पायरीवर थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. शिंप्यानं पाहिलं.

बायकोची इस्पितळातली नोकरी सोडून चालणार नव्हतं. त्यात मुलीचं लग्न ठरत होतं. मुलगा तिच्याच कचेरीतला, इथला. त्याच्या घरच्यांना ती चालत होती, पण तिच्या बापाबद्दल लोकांना काय सांगायचं, हा प्रश्न होता. निघायच्या आदल्या दिवशी काचवाल्यानंच तिला जवळ बसवलं.

"लग्नानंतर त्यांचं आडनाव लाव. आपलं मागे ठेवू नकोस."

"बाबा, मी लाजत नाही तुम्हाला."

"मला माहीत आहे. मी सांगतोय म्हणून लाव. आणि पोरं झाली की त्यांच्याशी आपल्या भाषेत बोलू नकोस. निदान रस्त्यात नको."

तिनं नाही म्हटलं नाही, आणि तेच त्याला लागलं.

जन्मगावी थोरला भाऊ कधीच वारला होता. वहिनीनं मागची खोली दिली. खोलीला एकच खिडकी, तिला काच नव्हती, लाकडी झडप होती. गावात लोकांनी विचारलं तर तो सांगायचा, "कंटाळा आला, आपल्या मातीत यावंसं वाटलं." लोक म्हणायचे, बरं केलंत. काचेचं काम त्यानं पुन्हा धरलं नाही. वहिनीच्या किराणा दुकानात बसून पुड्या बांधायचा. बायकोचा फोन यायचा, आधी आठवड्याला, मग कधीमधी. "पुढच्या वर्षी येते," असं ती दर वेळी म्हणायची आणि तो "ये" म्हणायचा. नातू झाल्याचं त्याला फोनवरच कळलं. नाव काय ठेवलं हे त्याला दोनदा विचारावं लागलं. ते त्याच्या जिभेला जड जात होतं.

एका सकाळी गल्लीत आरडाओरडा झाला. चार घरं सोडून एकाच्या घरी चोरी झाली होती. सगळी गल्ली बघायला धावली. वहिनीही दुकान टाकून गेली. परत येऊन पाहते तर दीर खोलीत नाहीच असं तिला क्षणभर वाटलं, इतका तो शांत बसला होता. पलंगाच्या कडेला, धुतलेला सदरा घालून, वरपर्यंत गुंड्या लावून, केस विंचरून, पायात बूट. शेजारी एक छोटी पिशवी, तिच्यात टॉवेल आणि औषधं.

"भाऊजी, कुठे निघालात?"

"कुठे नाही."

"मग हे काय?"

"येतील ना," तो म्हणाला.

"कोण येतील?"

त्यानं पिशवी मांडीवर घेतली. वहिनी चहा टाकायला आत गेली. तिनं आणलेला चहा त्यानं घेतला नाही. दुपार झाली. चोर कोण ते गल्लीला तोवर कळलंही होतं आणि माल परतही मिळाला होता. वहिनीनं तसं येऊन सांगितलं. काचवाल्यानं मान हलवली. बूट मात्र त्यानं अंधार पडेपर्यंत काढले नाहीत.